दाराच्या पट्टीसाठी लाकूड आधी वाळवा



कृषिविद्येचा माणूस सुतारकामावर काय बोलणार, असे तुम्हाला वाटेल. पण बांधावरचे झाड तोडून घराचे दार करणारे तुमच्यात पुष्कळ आहेत, आणि मीही त्यांतलाच. वास्तुशांतीच्या घाईत चौकट व भिंत यांमधली फट झाकणारी पट्टी मी नुकत्याच कापलेल्या कडुनिंबाची बसवली. दिवाळीत कोपरे चांगले जुळलेले होते. होळीला त्यांत रुपयाचे नाणे शिरू लागले. सुताराला बोल लावला, पण चूक माझीच होती.

ओले लाकूड वाळताना रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून ४५ अंशांत कापलेला सांधा आतल्या बाजूने उघडतो. मातीतला ओलावा आम्ही प्रयोगशाळेत काढतो, तसाच लाकडाचाही निघतो. १५० ग्रॅमचा तुकडा १०५ अंश सेल्सिअसला पूर्ण वाळवून १०० ग्रॅम भरला, तर ओलावा ५० टक्के. पट्टीसाठी तो १२ टक्क्यांच्या आसपास हवा.

तुमच्याकडे तशी भट्टी नसेल. मग एका फळीवर खूण करा आणि दर पंधरवड्याला ती काट्यावर तोला. वजन घटायचे थांबले की लाकूड तयार समजा. तोवर फळ्या सावलीत, वारा खेळेल अशा, मध्ये सारख्या जाडीच्या चिपा घालून रचाव्यात. टोकांना रंग फासला तर चिरा कमी पडतात. इंचभर जाडीला साधारण वर्ष धरा. बाहेरचे पांढरे लाकूड मात्र काढून टाका. कीड आधी तिथेच लागते.

रंधा रेषांच्या दिशेने चालवा, मग पॉलिश पेपर आधी ८० नंबरचा, नंतर १२० आणि १८०. टोकाजवळ खिळा मारण्यापूर्वी बारीक भोक पाडावे, नाहीतर पट्टी फाटते. खालचे टोक फरशीपासून किंचित वर राहू द्या. फरशी धुतलेले पाणी ते टोक शोषून घेते, आणि वाळवीलाही ओल आवडते.

शेवटी रंगाच्या दुकानातले जवसाचे तेल पातळ लावा, पंधरा-वीस मिनिटांनी जादा तेल पुसा. मागची बाजू आणि टोके बहुतेक जण विसरतात. पट्टी ठोकण्यापूर्वीच त्यांना तेल द्या.

आता त्या तेलकट चिंध्या. त्यांचा बोळा करून कडब्याजवळ टाकू नका. हे तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवा, किंवा अंगणात एकेक सुटी पसरून वाळवा.