मांडीवरचा संगणक कोणता घ्यावा?

दहावीचा किंवा बारावीचा निकाल लागला की पुष्कळ घरांतून एक संवाद ऐकू येतो. "बाबा, आता मला लॅपटॉप हवा." "कशासाठी?" "अभ्यासासाठी." घर इंदूरचे असो, बडोद्याचे असो वा पुण्याचे, संवादात फारसा फरक पडत नाही. वडिलांचा प्रश्न रास्त असतो. मुलाचे उत्तर खोटे नसते, परंतु ते अपुरे असते. आणि या अपुऱ्या उत्तरावर चाळीस-पन्नास हजार रुपये खर्च व्हावयाचे असतात. कित्येक कुटुंबांत ही दोन-तीन महिन्यांची मिळकत होय. एवढी रक्कम पुन्हा चार-पाच वर्षे तरी निघणार नाही, हे उभयतांना ठाऊक असते.

गंमत अशी की, या यंत्राची कल्पना मुळात मुलांसाठीच मांडली गेली. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात काम करणारे ॲलन के यांनी १९७२ साली वहीसारख्या, सोबत बाळगता येईल अशा संगणकाचे चित्र रेखाटले आणि त्यास 'डायनाबुक' असे नाव दिले. प्रत्यक्षात १९८१ साली बाजारात आलेला 'ऑसबोर्न' हा वाहून नेण्याजोगा संगणक सुमारे अकरा किलो वजनाचा होता! तो मांडीवर घ्यावयाचा तर भीमाचीच मांडी हवी. आज सव्वा किलोचे यंत्र मिळते, आणि वजनाची जागा निवडीच्या पेचाने घेतली आहे.

तेव्हा अभ्यास म्हणजे नेमका कोणता, हे आधी ठरवावे. वाचन, लेखन, दृक्‌श्राव्य पाठ आणि थोडेसे प्रोग्रॅमिंग एवढेच काम असेल, तर साधा लॅपटॉप पुरतो. यंत्र-अभियांत्रिकीत लागणारे 'सॉलिडवर्क्स' किंवा इमारतींच्या आराखड्यांसाठी लागणारे 'रेव्हिट' विंडोजसाठीच तयार केलेले आहे. उलट आयफोनसाठी ॲप रचण्याचे 'एक्सकोड' ॲपलच्या मॅकवरच चालते. मित्राजवळ मॅक आहे, म्हणून आपल्यालाही मॅक, हा हिशेब येथे महागात पडतो. क्रोमबुक स्वस्त व सुटसुटीत खरे; पण त्याचे बरेचसे काम इंटरनेटवर अवलंबून असते. त्याची दुरुस्ती-अद्ययावतता दहा वर्षे पुरविण्याचे गूगलने २०२३ साली जाहीर केले, मात्र ही वर्षे त्या प्रकारचे यंत्र प्रथम बाजारात आल्यापासून मोजली जातात. दुकानात दोन वर्षे पडून राहिलेल्या क्रोमबुकाची दोन वर्षे आधीच सरलेली असतात.

आता 'गेमिंग लॅपटॉप'. अभ्यासाच्या नावाखाली मागितली जाणारी वस्तू बहुधा हीच! त्यातील स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड त्रिमितीय चित्रे व चित्रपट-संकलन यांना उपयोगी पडते, हे मान्य. परंतु वजन दोन-अडीच किलो, चार्जर विटेसारखा, पंख्यांची घरघर आणि बॅटरी अर्ध्या दिवसातच मान टाकणारी. तो मांडीवर घेऊन बसू म्हणाल, तर चटकाच बसावयाचा. खेळावेसे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. खेळायचे असेल तर मुलाने तसे सरळ सांगावे आणि वडिलांनीही ते ऐकून घ्यावे. मग निदान पैशाचा हिशेब तरी खऱ्या गरजेवर होईल.

माझ्या मते, जे पुढे बदलता येत नाही त्यावर आधी पैसा घालावा. पुष्कळशा सडपातळ लॅपटॉपांत मेमरी मूळ पट्टीवरच जखडलेली असते. आठ गिगाबाईट घेतली की शेवटपर्यंत आठच. म्हणून प्रोसेसरची पायरी एक उतरावी लागली तरी चालेल, पण मेमरी सोळा घ्यावी. साठवणुकीची एसएसडी अनेक विंडोज लॅपटॉपांत पुढे वाढविता येते. मॅकमध्ये ती सोय सहसा नसते. पडदा आणि कळफलक तर जन्माचे सोबती. दुकानात उभ्या उभ्या पानभर मजकूर टंकून पाहावा, शक्य तर मराठीतही. दुकानदार थोडा कंटाळेल, कंटाळू द्यावे.

जुने यंत्र घेणाऱ्यांनी एक तारीख ध्यानी ठेवावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर, थोडे अपवाद सोडता, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. असे यंत्र लिनक्सवर चालविण्याची तयारी असेल, तरच ते स्वस्त.

अकरावी-बारावीत, विशेषतः प्रवेशपरीक्षेच्या तयारीत, खरे काम कागद-पेन्सिलीनेच होते. म्हणून घरातल्या संगणकावर भागत असेल तर प्रवेश निश्चित होईपर्यंत थांबावे. शाखा ठरली की वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारावे, की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोणती सॉफ्टवेअरे लागतात. मुलगा वसतिगृहात राहणार असेल, तर हमीपत्र घेताना त्या शहरात कंपनीचे दुरुस्ती-केंद्र आहे की नाही, हेही पाहावे. कारण परीक्षेच्या आठवड्यात बिघडलेले यंत्र चारशे किलोमीटरवरच्या घरी पाठविता येत नाही.