ऑइल फिल्टर : धुवायचा की फेकायचा?

(रौप्यमहोत्सवानिमित्त सभासदांसाठी ठेवलेल्या व्याख्यानांपैकी एका व्याख्यानाचे शब्दांकन)



कारखान्यात मेंटेनन्सला ३१ वर्षं काढल्यामुळे पार्किंगमध्ये कोणाचंही बॉनेट उघडलं की मला हाक येते. त्यात हा प्रश्न हमखास असतो : स्टीलच्या जाळीचा, धुऊन पुन्हा वापरायचा ऑइल फिल्टर मिळतो, मग दर वेळी नवा का घ्यायचा?

आधी फिल्टर करतो काय ते पाहू. इंजिनात फिरणारं तेल झिजेचे बारीक धातुकण आणि काजळी सोबत नेतं. ती घाण बेअरिंगपर्यंत जाऊ नये म्हणून फिल्टर. साध्या फिल्टरच्या डब्यात कागदाच्या घड्या असतात. वहीचा कागद नव्हे, रेझिन लावलेला. तो फार तुंबला तर आतली छोटी झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जातं. इंजिन कोरडं पडण्यापेक्षा ते बरं. पण आपल्याला ते कळत नाही, त्यासाठी डॅशबोर्डवर दिवा लागत नाही.

धुणं तसं नवं नाही. आपल्याकडच्या स्प्लेंडरवाल्यांना विचारा, तिच्यातली तेलाची जाळी मेकॅनिक साफ करून परत बसवतो. जुन्या अँबॅसेडरला फिल्टरचं भांडं कायमचं, बदलायचा तो आतला एलिमेंट. आता कित्येक नव्या गाड्यांत तीच पद्धत परत आली आहे. मला विचाराल तर मधला मार्ग तोच चांगला.

आता माझी गोष्ट. २०११ साली मी हौसेने स्टीलचा फिल्टर मागवला, जवळजवळ चार हजारांना. माझ्या गाडीचा साधा फिल्टर दीडशेचा. तेल वर्षातून एकदा बदलतो. चार हजार वसूल व्हायला २६ वर्षं, म्हणजे आपल्या सोसायटीच्या वयापेक्षा जास्त! हा हिशोब सौ.ने तेव्हाच केला होता, मी ऐकला नाही.

पहिल्याच वेळी मी तो पार्किंगमध्ये रॉकेलने धुतला. काळं रॉकेल कुठे ओतलं? पावसाळी गटारात. कोणी पाहिलं नाही. मग रबराची जुनीच ओ-रिंग परत बसवली. ती नीट बसली नव्हती. रात्री गाडी घेऊन आलो तेव्हा रॅम्पवर वरपासून खालपर्यंत तेल गळलं. इंजिन चालू असताना तेलाला दाब असतो, त्यामुळे नुसतं थेंब-थेंब गळत नाही. सकाळी दूध आणायला निघालेल्या आपल्याच एक वहिनी घसरल्या, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. नाव घेत नाही, त्या समोरच बसल्या आहेत.

कमिटीने चौकशी केली. रॅम्प धुतला नाही म्हणून वॉचमनला बोलणी बसली, पगारही कापला. मला दुपारीच कळलं होतं की तेल माझ्या गाडीचं. मी बोललो नाही. दोन महिन्यांनी तो नोकरी सोडून गावाला गेला. त्याचा फोन नंबर मी आत्ता गेल्या महिन्यात शोधून काढला. कापलेले पैसे पाठवले, तर म्हणाला, "साहेब, आठवतच नाही." त्याला आठवत होतं. वहिनी, तुमचीही सर्वांसमोर माफी मागतो.

असो. जाळी धुवायची तर नवी ओ-रिंग, जाळी उजेडाकडे धरून तपासणी, पूर्ण सुकवणं आणि घाण रॉकेल डब्यात, एवढं सगळं आलं. हे दर वेळी नेमाने करणारा असेल त्याने खुशाल घ्यावी. बाकीच्यांनी कागदीच वापरा. आणि कृपा करून कागदी फिल्टर पेट्रोलने धुऊन परत लावू नका. अडकलेली घाण धुताना स्वच्छ बाजूला जाते, ती थेट इंजिनात.

काढलेल्या फिल्टरमध्ये बरंच तेल उरतं. तो रात्रभर उपडा ठेवून तेल निथळू द्या. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं, ते ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही. पंपरूमजवळ मी झाकणाचा कॅन ठेवला आहे, भरला की मी स्वतः गॅरेजवाल्याकडे पोचवतो, तिथून ते रिसायकलिंगला जातं.

तो स्टीलचा फिल्टर अजून माझ्या माळ्यावर पडून आहे. कोणाला हवा असेल तर फुकट घेऊन जा. ओ-रिंग मात्र नवी घाला.