अभिलेखांचे जतन : पांडवलेण्यांपासून संगणकापर्यंत

नाशिकजवळील पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, नहपान राजाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी त्याने ३,००० कार्षापणांचा अक्षय निधी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवला. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक व १,००० वर शेकडा पाऊण व्याज ठरले. हे दान निगमसभेत जाहीर करून रीतीप्रमाणे नगराच्या दप्तरी नोंदविले, असेही त्या लेखात म्हटले आहे. ते दप्तर केव्हाच नाहीसे झाले. दगडावरील नोंद मात्र आजही वाचता येते. नोंद दोन ठिकाणी, दोन माध्यमांत होती, म्हणूनच ती राहिली.

संगणकावरील नोंदींनाही हाच नियम लागू आहे. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. शाळेची पटनोंदणी, जन्म-मृत्यूची नोंद, ग्रामसभेचे इतिवृत्त हेही संगणकावर येत आहे. यांतील एक नोंद हरवली, तर कोणाचा वारसा अडतो, तर कोणाचा दाखला.

साधन जुने झाले की शाबूत नोंदही मुकी होते. इंग्लंडमधील १०८६ सालची डूम्सडे नोंदवही आजही वाचता येते. परंतु तिच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने लेसर तबकड्यांवर केलेला संग्रह वाचणारी यंत्रे पंधरा-वीस वर्षांतच दुर्मिळ झाली.

यावर उपाय खर्चाचे नाहीत, शिस्तीचे आहेत. प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी, म्हणजे पूर वा आग सर्व प्रती एकाच वेळी नेणार नाही. संगणक प्रत्येक फाइलचा ताळा काढून देतो. एक अक्षर बदलले तरी तो ताळा जुळत नाही. दरवर्षी ताळा पाहावा व बिघडलेली प्रत चांगल्या प्रतीवरून नव्याने करावी. नोंदी पीडीएफ-ए सारख्या खुल्या, प्रमाणित स्वरूपात ठेवाव्यात आणि साधन जुने होण्यापूर्वी नव्या साधनावर उतरवाव्यात. छायाप्रत संगणकावर घेतली म्हणून मूळ नोंदवही रद्दीत काढू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कार्यभार सोपविताना किल्ल्यांबरोबर फाइलींची सूची व परवलीचे शब्दही रीतसर सोपवावेत. यंत्र कितीही उत्तम असले, तरी दप्तर राखतो तो माणूसच.