बोलोन्यात दोन दिवस

गेल्या ऑक्टोबरात आम्ही चौघी इटलीला जाऊन आलो, हे आता अख्ख्या तालुक्याला ठाऊक झालंय. एसटीत, बाजारात, लग्नाच्या मांडवात सगळीकडे एकच प्रश्न, "काय काय बघितलं गं तिकडं?" एकेकीला सांगून दमलो, म्हणून आज रेडिओवरच सांगतो.

जाणं कामाचं होतं. तिथल्या सहकारी संस्थांच्या लोकांबरोबर एक बैठक होती, आणि आपल्या गटांबरोबर काम करणाऱ्या संस्थेने तिकीट, व्हिसा सगळं पाहिलं. बैठक संपली आणि परतीच्या विमानाला दोन दिवस उरले. ते आम्ही बोलोन्या नावाच्या शहरात काढले. रोम नाही बघितलं, व्हेनिस नाही बघितलं, त्यामुळे त्याबद्दल विचारू नका.

जाताना एक भांडण मात्र बरोबर नेलं होतं. आमच्या गटात शेवयांचं मशीन घ्यायचं की नाही यावरून तेव्हा दोन तट पडले होते. मशीन आलं की काम झपाट्याने होतं हे खरं. पण आमच्यातल्या सहाजणी पाटावरच्या शेवया करतात. त्यातल्या दोघींना दुसरं उत्पन्न नाही. व्यापारी म्हणतो, हाताची काय नि मशीनची काय, भाव एकच. मग हाताने करायच्या कशाला? याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

बोलोन्यात उतरल्यावर पहिल्यांदा डोळ्यात भरतात त्या पडव्या. घरांच्या पुढे कमानीच कमानी, त्यावर वरचा मजला, आणि खालून सगळं गाव चालतंय. पाऊस आला तरी छत्री लागत नाही. अशा पडव्या सगळ्या मिळून 62 किलोमीटर भरतात, आणि 2021 साली युनेस्कोने त्या जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या. जुन्या काळी शिकायला आणि कामाला माणसं फार येऊ लागली, जागा पुरेना, तेव्हा लोकांनी वरच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि खाली लाकडी खांब दिले. 1288 साली तर कायदाच झाला की घर बांधायचं तर पडवी ठेवायची. उंची एवढी हवी की घोड्यावर बसलेला माणूस खालून जावा. जागा मालकाची, डागडुजी मालकाने करायची, आणि चालायचा हक्क सगळ्या गावाचा! आपल्याकडे ओट्याच्या हद्दीवरून काय काय होतं ते आठवून आम्ही हसलो.

पहिल्या दिवशी सकाळी मोठ्या चौकात गेलो. पियाझ्झा माज्जोरे म्हणतात त्याला. तिथं सान पेत्रोनियो नावाचं प्रचंड चर्च आहे. 1390 साली बांधायला घेतलं आणि त्याचा दर्शनी भाग आजही अर्धाच झालाय. खाली संगमरवर, वर नुसत्या विटा. आक्का म्हणाल्या, "आपल्या समाजमंदिरासारखंच की, निधी संपला असणार." आत जमिनीवर जवळपास 67 मीटर लांब एक तिरपी रेघ आहे. कासिनी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने ती 1655 साली आखली. छताला एक बारीक भोक ठेवलंय. भर दुपारी त्यातून उन्हाचा कवडसा बरोबर त्या रेघेवर पडतो, आणि वर्षाचा कुठला काळ चाललाय ते कळतं. आम्ही तासभर थांबलो तेव्हा दिसला. चर्चमध्ये खांदे झाकलेले लागतात, साडीला कुणी काही म्हणत नाही.

चौकाला लागूनच जुन्या बाजारपेठेच्या इमारतीत मोठं सार्वजनिक वाचनालय आहे, साला बोर्सा. आत जायला पैसे नाहीत. जमिनीला काच बसवलीय आणि खाली रोमन काळातल्या गावाचे दगड दिसतात. बसायला जागा आहे, स्वच्छतागृह आहे. परगावी बाईमाणसाला हे आधी शोधावं लागतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

त्याच इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर शेकडो छोटे फोटो लावलेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा आणि फॅसिस्टांविरुद्ध लढताना मेलेल्या गावकऱ्यांचे. याच भिंतीपाशी माणसांना गोळ्या घालत. एप्रिल 1945 मध्ये शहर सुटलं तेव्हा घरच्यांनी आपापल्या माणसाचे फोटो आणि फुलं इथं आणून लावली, त्याचंच पुढे हे स्मारक झालं. त्यात बायकाही आहेत. कुणी विशीतली, कुणी आपल्या वयाची. इथं आम्ही कुणीच फार बोललो नाही.

दोन उंच मनोरे आहेत, त्यातला 97 मीटरचा असिनेल्ली चढता येत असे. पण शेजारचा गारिसेंडा फार कलल्यामुळे 2023 पासून दोन्ही बंद आहेत. कुंपणाबाहेरूनच पाहिले. विद्यापीठ 1088 सालचं मानतात, आणि 1732 साली तिथं लॉरा बास्सी नावाची बाई प्राध्यापक झाली. आमच्या धाकटीला तेवढ्यासाठी तिथं फोटो काढायचा होता, तो काढला.

एक जागा मात्र आम्ही विचारून विचारून शोधली. मोठ्या देवळाशेजारी 'मोंते दी पिएता'ची इमारत आहे. सावकाराच्या कचाट्यातून गरिबाला सोडवायला 1473 साली इथं ही पेढी निघाली. वस्तू गहाण ठेवायची आणि थोड्या व्याजाने पैसे न्यायचे. पुढे 1583 साली लग्नासाठीची पेढीही निघाली. मुलीच्या नावावर पैसे ठेवायचे आणि लग्नाच्या वेळी ते वाढून मिळायचे. हुंड्याचाच पैसा तो, त्याचं कौतुक नको. पण महिन्याला शंभर रुपये टाकणाऱ्या आपण बायका, तिथं बाहेर उभं राहून बराच वेळ बघत होतो.

आता खाण्याचं. तोर्तेल्लिनी म्हणून बारक्या, वळलेल्या करंज्या असतात, त्या गरम रश्शात घालून देतात. लोक म्हणतात हा आकार देवीच्या बेंबीवरून सुचला. त्यांच्या सारणात डुकराचं मांस असतं. ते चालत नसेल तर तोर्तेल्लोनी मागा, त्या मोठ्या असतात आणि बहुतेक पनीरासारखं रिकोत्ता भरलेलं असतं, तरी विचारून घ्या. कडक शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा. तिथलं प्रसिद्ध पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रसाने विरजतात, आणि ते सगळ्यावर किसून घालतात. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त. हॉटेलात टेबलाला बसलं की माणशी वेगळे पैसे लागतात. पहिल्या दिवशी बिल बघून आम्ही भांडायला निघालो होतो, मग कळलं की तशी रीतच आहे.

बाजाराच्या गल्लीत एका दुकानात काचेमागे दोन बायका पीठ लाटत होत्या. पीठ आणि अंडी, आणि लाटणं हातभर लांब. पोळी एवढी पातळ की खालच्या पाटाचं लाकूड दिसावं. असं काम करणारीला तिथं स्फोलीना म्हणतात, आणि ते नाव मानाने घेतात. आक्कांनी खुणेने विचारलं, मी लाटू का? त्या हसल्या, पण लाटणं दिलं नाही. बरोबरच आहे, आपण तरी देतो का? मग फळीवरचा भाव बघितला. हाताने केलेल्या तोर्तेल्लिनी किलोला चाळीस युरोच्या आसपास, म्हणजे साडेतीन हजाराच्या वर. पलीकडच्या किराणा दुकानात मशीनच्या, त्याच्या निम्म्याहून कमी. दोन्ही खपत होत्या. पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं होतं कुठलं हाताचं ते.

नंतर आणखी एक कळलं. या शहरात पदार्थाची नोंद करून ठेवतात. 1972 साली तालियातेल्ले, म्हणजे चपट्या लांब शेवया, त्यांची रुंदी ठरवून सोन्याची एक पट्टी व्यापारी मंडळाकडे ठेवली. शिजल्यावर 8 मिलिमीटर! 1974 साली तोर्तेल्लिनीच्या सारणाची कृती नोंदवली. आम्ही चौघी त्या रात्री खोलीवर याच्यावरच बोलत बसलो. आमच्या पाटावरच्या शेवयांची जाडी किती, हे आम्हीच कधी मोजलं नव्हतं.

दुसरा दिवस सान लुकाच्या डोंगराचा. शहराच्या वेशीपासून वरच्या देवळापर्यंत सलग पडवी आहे, पावणेचार किलोमीटर, 666 कमानी. 1674 साली काम सुरू झालं, आणि साहित्य वर न्यायला लोकांनी रांगेत उभं राहून हातोहात दिलं म्हणतात. वरच्या मेरीमातेच्या तसबिरीची कथा अशी की, 1433 साली पाऊस थांबेना, पीक हातचं जायला लागलं, म्हणून ती मिरवत खाली शहरात आणली आणि पाऊस उघडला. अजून दरवर्षी मे महिन्यात ती खाली येते. चढ दमवणारा आहे. बसने जाता येतं, पण वारी केलेल्या आक्का ऐकतात होय? आम्ही दोनदा टेकलो, त्या एकदाही नाही.

परत आल्यावर बैठकीत हे सगळं सांगितलं. यंदाच्या उन्हाळ्यात चाळीस किलो पाटावरच्या शेवया वेगळ्या पाकिटात भरल्या, वर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि किलोला तीनशे वीस रुपये भाव ठेवला. व्यापाऱ्याने पाकीट हातातसुद्धा घेतलं नाही. मग जत्रेत आणि तालुक्याच्या बाजारात आम्हीच बसलो. एकतीस किलो गेल्या. नऊ किलो अजून डब्यात आहेत, आणि मशीनचा अर्जही तसाच फायलीत आहे. येत्या सोमवारी दोन्हीवर बैठक आहे, चार वाजता, शाळेच्या व्हरांड्यात.