स्वमग्नता : निदानास विलंब नको



आमच्या मुलाने दीड वर्षाचा होईपर्यंत एकदाही बोट करून आम्हांस काही दाखविले नाही. चंद्र नाही, विमान नाही, रस्त्यावरचे कुत्रेही नाही. हवी ती वस्तू मिळविण्यासाठी तो आमचे मनगट धरून तिकडे नेई. आम्हांला ते लाघवी वाटे! हाकेला वळत नसे. परंतु दुसऱ्या खोलीत बिस्किटाचा पुडा वाजला की धावत येई. म्हणजे कान शाबूत होते. 'मुलगे उशिराच बोलतात' या नातेवाइकांच्या दिलाशावर आम्ही विसंबलो. एका डॉक्टरांनी घरात मराठी बंद करण्याचा सल्ला दिला. तो आम्ही पाळला आणि सहा महिन्यांसाठी आलेली आजी नातवापुढे मुकी झाली. घरात दोन भाषा बोलल्याने स्वमग्नता येत नाही, हे आम्हांस फार उशिरा कळले.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००७ मध्ये अठराव्या व चोविसाव्या महिन्यांत प्रत्येक मुलाच्या चाचणीची शिफारस केली. त्यासाठी वापरली जाणारी 'एम-चॅट' ही वीस प्रश्नांची प्रश्नावली पालकांनी भरावयाची असते. ती निदान नव्हे, इशारा होय. मूल एखादी गोष्ट क्वचितच करीत असेल तर 'नाही' लिहावे, अशी तीत स्पष्ट सूचना आहे. आम्ही दोन ठिकाणी 'होय' लिहिले. स्वतःच्या लेकराविषयी 'नाही' लिहिताना हात अडखळतो.

तीन वर्षांखालील मुलांसाठी 'अर्ली इंटरव्हेन्शन'ची व्यवस्था येथे १९८६ च्या संघीय कायद्यातून उभी राहिली. तिच्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. पालक स्वतः फोन करू शकतात. तपासणी विनामूल्य असते, आणि शक्य असेल तेथे ती मुलाच्या घरच्या भाषेत व्हावी, असा नियम आहे. नाव पोचल्यापासून ४५ दिवसांत तपासणी आणि कुटुंबासह योजनेची बैठक व्हावयास हवी. स्वमग्नतेचे निदान हाती नसले तरी विकासातील विलंबावर मदत मिळू शकते. तिसऱ्या वाढदिवसानंतर जबाबदारी शाळाखात्याकडे जाते. आम्ही फोन केला तेव्हा मुलगा दोन वर्षे सात महिन्यांचा होता. तपासणीचा काळ वजा जाता आमच्या पदरात साडेतीन महिने पडले.

त्या महिन्यांत घरी येणाऱ्या बाई जमिनीवर बसून साबणाचे फुगे उडवीत आणि थांबत. त्याने डोळ्यांत पाहिले की पुढचा फुगा. "तुम्ही हे तुमच्याच भाषेत करा," असे त्या म्हणाल्या. आम्ही पुन्हा मराठी बोलू लागलो.

प्रश्नावलीच्या प्रती मागील टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी सोळा ते तीस महिन्यांचे मूल आहे, त्यांनी जाताना एक न्यावी.