धंद्याचा नंबर कोणाच्या नावावर?

(मुंबई उपनगरांतील बचतगटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय कळल्यावर काही जणींनी मला विचारले, की स्त्रीसंघटनेच्या बैठकीत व्हॉट्सॲपचे धडे कशाला? धंद्याचा नंबर वेगळा ठेवायचा की घरचाच चालवायचा, हा काय चळवळीचा प्रश्न झाला? मला तो चळवळीचाच प्रश्न वाटतो. का, ते सांगण्यासाठी थोडे मागे जाते.

मुंबईत बायकांनी घरातून धंदा करणे नवे नाही. गिरणगावातल्या खानावळवाल्या आपल्या राहत्या खोलीतच कामगारांना जेवू घालत. घर हेच दुकान. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, तेव्हा खटपट होती ती बँकेचे कर्ज बाईच्या स्वतःच्या नावावर मिळावे यासाठी. त्याआधी १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथली पद्धत पाहा. बहिणी केंद्रातून पीठ नेतात, घरी पापड लाटतात, केंद्रात आणून देतात आणि कामाचे पैसे घेतात. काम घरात, पण विक्री घराबाहेर. पापड कोणी लाटला आणि ती बाई कुठे राहते, हे गिऱ्हाइकाला कळण्याचे कारणच नाही.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली, दुकाने बंद झाली, नोकऱ्या गेल्या. उपनगरांतल्या कितीतरी बायकांनी तेव्हा हातातल्या मोबाईलवरून विक्री सुरू केली. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत आज फराळ, मसाले, साड्या, केक असे सगळे स्टेटसवर विकले जाते. पण हा फोन तोच असतो, ज्यावर मुलीच्या शाळेचा ग्रुप आहे, माहेरचे फोन येतात आणि लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो आहे. अन्नपूर्णेची खानावळ रात्री बंद तरी होत असे. हे दुकान बंदच होत नाही.

त्यातून काय होते ते मी रोजच्या कामात पाहते. मुलुंडची एक ताई फराळ विकते. ऑर्डरसाठी नंबर घेतलेला एक गृहस्थ रात्री अकराला ‘वहिनी, जेवलात का?’ म्हणून विचारू लागला. पुढे स्टेटसवरचा तिच्या मुलीचा फोटो त्याने तिलाच परत पाठवला. घरी सांगितले तर ‘धंदा बंद कर’ हेच उत्तर मिळेल, म्हणून ती तीन महिने गप्प राहिली. अंधेरीच्या एकीने मोर्चातला फोटो टाकला, तर सोसायटीतल्या चार घरांनी डबा बंद केला. आता ती काहीच टाकत नाही. आणि घाटकोपरच्या बाईचे तर सगळेच गेले. सिमकार्ड नवऱ्याच्या नावावर, क्यूआर कोडचे पैसे नवऱ्याच्या खात्यात. मारहाणीला कंटाळून ती घराबाहेर पडली, तेव्हा नंबर त्याच्याकडेच राहिला. पाच वर्षांत जोडलेली गिऱ्हाइके एका दिवसात गेली. तिच्या मसाल्याची चव तिच्या हाताची होती, पण धंदा कागदोपत्री तिचा नव्हताच.

कोणी म्हणेल, ‘जे खाजगी तेच राजकीय’ असे आपणच म्हणत आलो. मग आता खाजगी वेगळे ठेवा हे कसे? यात विसंगती नाही. घराच्या दाराआड चाललेला छळ बाहेर आणा, असे आपण म्हणत होतो. दार सताड उघडे टाका आणि कोणीही आत यावे, असे आपण कधीच म्हटले नाही. दाराची किल्ली बाईच्या हातात असावी, हीच आपली मागणी होती. वेगळा नंबर ही तशीच एक किल्ली आहे. ती गिऱ्हाइकाला घरात घुसू देत नाही आणि घरच्यांनाही कमाईवर परस्पर हात टाकू देत नाही.

आता करायचे काय? सिमकार्ड स्वतःच्या नावावर घ्या. व्हॉट्सॲप खाते नंबरावर चालते. ज्याच्या हाती सिम, त्याच्याकडे ओटीपी. सहा आकडी पिन लावा आणि आपले खाते दुसऱ्या कुठल्या यंत्रावर उघडे आहे का, ते ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये पाहत जा. व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ पासून मोफत मिळते. दुसरा नंबर असला की ते त्याच फोनवर चालते, त्यात कामाची वेळ लिहिता येते आणि रात्रीच्या मेसेजला आपोआप उत्तर जाते. तिथे फोटो मालाचा लावा, मुलांचा नको. पैसे स्वतःच्या बँक खात्यात घ्या. मोबाईल नंबर ज्यात दिसतो तो यूपीआय आयडी न देता दुसरा तयार करा. माल घरून देण्याऐवजी स्टेशनवर किंवा मंडळाच्या जागेत द्या.

गिऱ्हाइकांचा ग्रुप करताना आणखी एक विचार करा. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. आपल्या दारासारखेच त्यांचेही दार आहे. ब्रॉडकास्ट यादीत नंबर एकमेकींना दिसत नाहीत. मात्र ज्यांनी आपला नंबर साठवला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो.

कोणी त्रास दिलाच, तर ‘मला मेसेज करू नका’ असे एकदा स्पष्ट लिहा आणि स्क्रीनशॉट ठेवा. बाईने नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणे हा २०१३ पासून गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो. आणि कमाईबद्दल म्हणाल, तर हिंदू बाईने स्वतःच्या कौशल्याने व कष्टाने मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिची, असे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे कलम १४ सांगते. पण पैसे नवऱ्याच्या खात्यात गेले, तर ते आपण मिळवले हे सिद्ध करणे बाईला जड जाते.

मला अडचणी ठाऊक आहेत. दुसऱ्या सिमला दरमहा रिचार्ज लागतो. काही घरांत फोनच एक असतो. ‘वेगळा नंबर कशाला? काय लपवायचे आहे?’ हा प्रश्न तर ठरलेला. शिवाय आपला धंदा ओळखीवर चालतो. ‘शेजारच्या काकूंचे लाडू’ म्हणूनच लोक घेतात. ओळख हवीच. पण वाण्याकडे आपण वर्षानुवर्षे जातो, म्हणून रात्री अकराला त्याच्या घरी फोन करतो का?

जिथे एकटीला जमत नाही, तिथे गटाने करावे. दहा जणींचा मिळून एक नंबर आणि एक सामाईक फोन घ्या, आळीपाळीने सांभाळा, बँक खाते गटाचे ठेवा आणि हिशेब सगळ्यांसमोर मांडा. म्हणजे घरी उत्तर देतानाही ती एकटी पडत नाही. ‘गटाचा नियम आहे’ असे तिला म्हणता येते. लिज्जतच्या बहिणींनी जे केंद्रातून साधले, ते आपण फोनवरून साधू शकतो.

दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होण्याआधी प्रत्येक गटाने एक दुपार यासाठी काढा. फोन, आधारकार्ड आणि बँकेचे पासबुक घेऊन बसा, आणि आधी एवढेच पाहा, की सिम कोणाच्या नावावर आहे आणि पैसे कोणाच्या खात्यात जातात. ज्या घरात आज सारे सुरळीत आहे, तिथेही पाहा. भांडण झाल्यावर हे काम करायला फार उशीर झालेला असतो.