काटा वीसवर, गाडी जागेवर

आज डेटाबेसवर बोलायचं ठरलं होतं, पण तो भाग पुढे ढकललाय. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक प्रकार झाला, तो सांगतो. यात कोड नाही. एक जुना पिकअप आहे, माझे वडील आहेत, आणि फोनवर बसून चुकीचं निदान करणारा मी आहे.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. टोमॅटो करतो, माल नारायणगावच्या मार्केटला जातो. पिकअप २००९ चा, मागच्या चाकांवर चालणारा. गाडीचं पासिंग सव्वा टनाचं. त्या दिवशी भरले होते नव्वद क्रेट. एक क्रेट साधारण वीस किलोचा धरा, म्हणजे अठराशे किलो. हा आकडा लक्षात असू द्या, शेवटी लागेल.

पहाटे पाचला अण्णांचा फोन. "गाडी शेतातनं वर काढली, रस्त्याला लागताना टाक् करून आवाज झाला. आता इंजिन चालू आहे, गिअर पडतोय, पण गाडी हलत नाय."

मी हिंजवडीत, अर्धवट झोपेत. पण बीटेक ना! लगेच म्हटलं, "अण्णा, क्लच गेला." वर एक टेस्टही सांगितली. हँडब्रेक पूर्ण ओढा, चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडायला पाहिजे. बंद पडलं नाही तर प्लेट घसरतेय.

अण्णांनी केलं. इंजिन बंद पडलं नाही. मी खूश, निदान सिद्ध झालं! तेवढ्यात अण्णा म्हणाले, "पण काटा वीसवर जातोय रं."

"मीटर जुनं आहे अण्णा, ते सोडा."

हे वाक्य मला अजून टोचतं. ऑफिसात कुणी लॉगमधली ओळ अशी झटकून टाकली तर मीच त्याला बोलतो.

मग एका गॅरेजला फोन केला. मी क्लच म्हटलं, त्यांनीही क्लच म्हटलं. गिअरबॉक्स उतरवायचा, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळे मिळून चौदा हजार, आणि गाडी दोन दिवस आत. त्यांची चूक नव्हती. मी लक्षण सांगितलंच नव्हतं, थेट उत्तर सांगितलं होतं. इकडे क्रेट गाडीत, आणि ऐन तोडणीच्या दिवसांत दोन दिवस गाडी नसणं म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही. अण्णा तर म्हणाले, "विकूनच टाकू आता."

सातच्या सुमारास शेजारच्या गावचे एक मिस्त्री आले. वय साठच्या पुढे. त्यांनी अण्णांना पहिला प्रश्न काय विचारला? "काटा हलतो का?"

आता हा काटा एवढा महत्त्वाचा का, ते बघू. ताकद कशी जाते? इंजिन, मग क्लच, मग गिअरबॉक्स, तिथून मागे जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट, मग मागचं डिफरन्शियल, आणि तिथून दोन्ही बाजूंना एकेक हाफ एक्सल, म्हणजे चाकापर्यंत जाणारा दांडा. जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला जोडलेली असते. मीटर चाकाचा वेग मोजतच नाही, गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा दांडा किती फिरतोय ते मोजतं. म्हणजे गाडी उभी असताना काटा वीसवर गेला, तर क्लच पकडतोय आणि गिअरबॉक्सही फिरतोय. बिघाड त्याच्या मागे आहे. अर्धी गाडी एका प्रश्नात बाद! आपण याला बायनरी सर्च म्हणतो, मिस्त्री काहीच म्हणत नाहीत. (नवीन गाड्यांत वेगाची माहिती अनेकदा चाकाजवळच्या सेन्सरकडून येते, त्यामुळे तिथे ही युक्ती धरून चालू नका.)

मग माझी टेस्ट चुकली कुठे? हँडब्रेक मागची चाकं धरतो. इंजिन बंद पडायचं तर क्लचपासून चाकापर्यंतची साखळी अखंड हवी. ती मध्येच तुटली असेल, तर क्लच कितीही चांगला असो, इंजिन मजेत चालत राहणार. टेस्ट बरोबर होती, पण ती मागचं सगळं शाबूत आहे असं धरून चालते. मी ते गृहीत धरलंय हे मला माहीतच नव्हतं. आणि आणखी एक. क्लच सहसा असा एका टाक्‌मध्ये जात नाही. आधी चढावर इंजिन गुरगुरतं पण वेग वाढत नाही, जळका वास येतो. आवाज होऊन क्षणात गाडी थांबली, तर आधी तुटलेल्या वस्तूचा संशय घ्यावा.

मिस्त्रींनी आधी क्रेट दुसऱ्या गाडीत चढवायला लावले, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. हे महत्त्वाचं आहे, कारण अशा वेळी गाडी गिअरमध्ये ठेवून काही उपयोग नसतो, गिअर आणि चाक यांचं नातंच तुटलेलं असतं. मग इंजिन चालू करून गिअर टाकला आणि बाजूला वाकून पाहिलं. खाली कुणी गेलं नाही, इंजिन चालू असताना जायचंही नाही. प्रोपेलर शाफ्ट गरगर फिरत होता, दोन्ही चाकं शांत. म्हणजे त्याचे जॉइंटही बाद. उरलं डिफरन्शियल नाहीतर एक्सल.

इथे मी फोनवर एक शहाणा प्रश्न विचारला. एक्सल तुटला तरी एकाच बाजूचा तुटेल ना, मग दुसरं चाक गाडी का ओढत नाही? मिस्त्री म्हणाले, "ताकद मोकळ्या बाजूला पळते." पुस्तकात हेच जरा लांबवून लिहिलेलं असतं. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देतं. तुटलेल्या बाजूला विरोधच नाही, तिथे टॉर्क जवळपास शून्य, म्हणून चांगल्या बाजूलाही जवळपास शून्य. चिखलात एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म उभं राहतं, त्याचं कारणही हेच. चौथ्या सेमिस्टरला हे समीकरण मी पाठ केलं होतं, मार्कही मिळाले होते.

आमच्या गाडीत हबच्या तोंडावरचे बोल्ट काढले की चाक जागेवर ठेवून एक्सल बाहेर ओढता येतो. सगळ्या गाड्यांत असं नसतं. काहींत चाकच एक्सलवर टेकलेलं असतं, तिथे तो तुटला तर चाक निखळू शकतं, गाडी ढकलायचीसुद्धा नाही. आमचा उजवीकडचा एक्सल ओढला तर अर्धाच हातात आला. उरलेला तुकडा दुसऱ्या बाजूचा एक्सल काढून लांब सळईने ढकलून बाहेर काढला. एक्सल, सील, ऑइल, मजुरी धरून साडेपाच हजार. संध्याकाळी गाडी दारात.

तुकड्याचा फोटो अण्णांनी पाठवला. तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग काळपट, गुळगुळीत, आणि एका कडेला थोडासाच ताजा, दाणेदार, चमकणारा. म्हणजे भेग खूप आधीपासून वाढत होती, त्या पहाटे उरलेलं थोडंसं लोखंड तुटलं. चिखलात चाक फिरलं, रस्त्यावर येताच एकदम पकडलं, त्या झटक्याने. बाकीचं काम त्या नव्वद क्रेटांनी कित्येक हंगामांत केलं होतं.

आता अण्णा साठ क्रेट भरतात. तोडणी मोठी असली की दोन खेपा होतात आणि डिझेलचा हिशोब मला ऐकवला जातो. डाव्या बाजूचा एक्सल उजव्याइतकाच जुना आहे. मिस्त्री म्हणतात आताच बदला, अण्णा म्हणतात तुटला तर बघू. या रविवारी गावी जातोय, तेव्हा पुन्हा विषय काढणार आहे.